उजव्या हाताचा अंगठा

चोवीस काचेचे पेले, प्रत्येकात वीस मिली. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेला रस. स्टीलचा एक ट्रे, टेबलावर एक पांढरं कापड, तीन सतरंज्या, एक खुर्ची, एक स्टूल. इंझोरीच्या त्या पत्र्याच्या खोलीत ख्रिस्ती मंडळीची तेवीस माणसं, आणि खुर्चीवरचे अकोल्याचे पास्टर दौलतराव धरून चोवीस.

रीतानं पेले पुन्हा मोजले. मंगरूळपीरच्या माती परीक्षण केंद्रात ती नोकरीला होती. तिथलं तडा गेलेलं, टाकून दिलेलं मोजपात्र तिनं घरी आणल्यापासून प्रभुभोजनाचा, येशूच्या रक्ताची आठवण म्हणून प्यायचा रस कुणाला कमी, कुणाला जास्त असं होत नव्हतं.

आज मात्र तिचं लक्ष बापाकडे होतं. पास्टर तीन महिन्यांतून एकदा यायचे. मधल्या रविवारी वाटायला कुणी नसायचं, म्हणून प्रभुभोजनच व्हायचं नाही. मंडळीनं त्या कामासाठी तिच्या बापाचं, रामकिसनचं, नाव दिलं होतं. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, की ट्रे त्याच्या हाती येणार होता.

भाकर मोडून वाटून झाली. रामकिसन पुढं आला. पास्टरांनी हात उचलला, आणि त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावर थांबली. चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत, ताणलेलं कातडं.

"रामकिसनजी, वाईट वाटून घेऊ नका," पास्टर हात खाली घेत म्हणाले. "जुन्या करारात अहरोनाला पहिला याजक, म्हणजे पुरोहित, केलं तेव्हा बळीचं रक्त कुठं लावलं? उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. आणि अंगात व्यंग असलेल्यानं वेदीजवळ यायचं नाही, असा नियम आहे. तुमचा तर अंगठाच नाही. रक्त लावायचं कुठं?"

रामकिसननं हात पाठीमागं नेला. अंगठा गेल्यापासूनच्या आठ वर्षांत त्यानं तो कुणापासून लपवलेला रीतानं पाहिला नव्हता.

"पास्टर, त्याच नियमाच्या पुढं आणखी लिहिलंय," ती म्हणाली. "व्यंग असलेल्या याजकानं देवाची परमपवित्र भाकर खावी, फक्त मंदिरातल्या परमपवित्र जागेच्या पडद्यापाशी जाऊ नये. येशूनं प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. मग मनाई कशापाशी जायची राहिली?"

"बाळ, बीएस्सी वेगळं, शास्त्र वेगळं."

"तिनं दोनी वाचलं हाय," मागच्या सतरंजीवरून बेबीबाई म्हणाली. कुणीतरी हसलं.

"वाचता मलाही येतं, मावशी."

"तुमी वाचलं. म्या काय पाह्यलं थे आयका आता."

गुडघ्यांवर हात रेटत बेबीबाई उठली. "सोयाबीन काढनं चालू व्हतं. माहा पदर थ्रेशरात गेला. मशीन मले वढून राह्यली व्हती. मांगच्या बारीले तुमीच सांगतलं ना, सोडवनारा जवळचा नातेवाईक असते म्हून? माहा सख्खा भाऊ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभा व्हता. थो मांगं सरला. हात घातला या रामकिसननं. माहं त्याचं काई नातं नाई. त्याचा अंगठा कुटारात, भुश्यात गेला अन् मी हे तुमच्यापुढं उभी हावो. रक्त लावाचं कुठं म्हून काहून इचारता? लागलं व्हतं, पास्टर. म्या पाह्यलं. पायापर्यंत गेलं व्हतं."

पास्टरांनी चष्मा काढून पुसला.

"ते उपकार झाले, मावशी. याजकाची सेवा वेगळी. आणि पेला धरणार कसा? प्रभूचा प्याला काय डाव्या हातानं देणार?"

रामकिसननं पाठीमागचा हात पुढं आणला.

"आपला मुख्य याजक येशू, थो कोन्त्या हातानं पडद्याच्या आत देवापुढं गेला, पास्टर?"

त्यानं तोच हात पास्टरांपुढं उघडा धरला.

"खिळ्यानं भोकं पडलेल्या. देवानं त्याले म्हटलं नाई, का धड हात घेऊन ये."

पास्टरांचा हात वर येईना. बेबीबाई सतरंज्या ओलांडत पुढं आली आणि तिनं आपला हात रामकिसनच्या डोक्यावर ठेवला. मग मंडळीतल्या लखीरामनं ठेवला. मग निता आली, कडेवरचं लेकरू दुसऱ्या हातानं सावरत. प्रार्थना कुणी मोठ्यानं म्हटली नाही. पास्टर खुर्चीतच बसून राहिले.

रामकिसननं ट्रे डाव्या हातानं पोटाशी धरला. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत पेल्याची कड पकडली, पेला उचलला आणि बेबीबाईपुढं केला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. तो सतरंजीमागून सतरंजी फिरला. घाई केली नाही. रीतापुढं पेला आला तेव्हा तिनं रसाकडे पाहिलं. तो हालतही नव्हता.

रामकिसननं स्वतःचा पेला घेतल्यावर ट्रेमध्ये एक राहिला. तो त्यानं पास्टरांपुढं धरला. पास्टरांचे हात मांडीवरच होते. रामकिसननं पेला त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवला.

"तुमच्यासाठी बी हाय," तो म्हणाला.

गाणं झालं. पास्टरांनी पिशवी उचलली आणि बस चुकेल म्हणून सगळ्यांच्या आधी निघाले. पुढच्या रविवारी किती वाजता जमायचं ते बेबीबाईनं ठरवूनही टाकलं.

सगळे गेल्यावर रीतानं सतरंज्या झटकल्या, टेबलावरचं कापड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. डाग नव्हता. पेले गोळा केले. तेवीस रिकामे होते. स्टुलावरचा चोविसावा तिनं मोजपात्रात ओतला आणि डोळे रेषेच्या पातळीला आणले.

वीस मिली.