सहस्रकुंडाच्या वाटेवरची चौथी खोली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. इस्लापूरहून सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे जाताना डाव्या हाताला सहा खोल्यांची एक रांग लागते, तिच्यातली मी चौथी. आता माझ्या दारावर इंग्रजी पाटी आहे आणि आत एसी बसवलाय, म्हणून मी तुम्हाला नवी वाटेन. पण वय लपत नाही. अलीकडे मला फार थकवा येतो.

पाऊस चांगला झाला की धबधबा फुगतो आणि नांदेड, लातूर, पार तेलंगणातूनही माणसं येतात. त्यांच्यासाठी इथं हॉटेलं झाली. हॉटेलात राबणाऱ्यांनी राहायचं कुठं, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. तो पारूबाईंनी केला. रस्त्याकडेच्या आपल्या जागेत त्यांनी ज्ञानोबा गवंड्याकडून आम्हाला उभं केलं. साध्या विटा, वर पत्रे, मागं सगळ्यांत मिळून एक मोरी. ताटं घासणाऱ्यालाही झेपेल असं भाडं.

माझ्याकडे मल्लम्मा राहायला आली. ती देगलूरकडची. नवरा पंचाक्षरी शेजारच्या हॉटेलात आचारी, आणि ती तिथंच खोल्या आवरायची, चादरी धुवायची. मुलगी ऋतुजा तेव्हा रांगत होती. अकरा वर्षं हे तिघं माझ्यात राहिले. उन्हाळ्यात पत्रे तापले की मल्लम्मा त्यांवर तुरीच्या वाळल्या तुराट्या पसरून पाणी मारायची. दुपारी दोन मिनिटांत चालत घरी यायची, लेकीला जेवू घालायची आणि पुन्हा कामावर जायची. येणारेजाणारे माझं कौतुक करत. एवढीशी खोली, पण किती नीटनेटकी, असं म्हणत. ते कौतुक खरं तर मल्लम्माचं होतं.

मग पारूबाईंचा मुलगा आदर्श शिकून गावी परतला. कामगार वर्षभरात देतात त्याहून जास्त पाहुणे तीन महिन्यांत देतील, असं त्याचं म्हणणं. त्यानं सहाही खोल्या शेजारच्या त्याच हॉटेलाला चालवायला दिल्या आणि एप्रिलात सगळ्यांना महिन्याभराची मुदत दिली. मल्लम्मा पारूबाईंकडे गेली.

“अक्का, पोरीची शाळा हितं हाय. आम्ही जावं कुठं?”

पारूबाईंनी मान खाली घातली. पोराचं ऐकावं लागतंय, एवढंच त्या म्हणाल्या.

गावात दुसरी खोली मिळेना. ज्या होत्या त्याही पाहुण्यांसाठी राखलेल्या. शेवटी हिमायतनगरच्या पलीकडे एका खेड्यात मल्लम्माला जागा मिळाली. ऋतुजाला देगलूरला मामाकडे ठेवलं. पंचाक्षरीला रोजची ये-जा झेपेना, तो हैदराबादला कामाला गेला. एका घराची तीन घरं झाली. इकडे माझ्या पत्र्याखाली पांढरं छत बसलं, भिंतींना गुळगुळीत रंग लागला.

ऑगस्टातल्या एका सकाळी मल्लम्मा चादर बदलायला माझ्यात आली. दोन गाड्या बदलून, पुढं तीन किलोमीटर चालून आलेली. साडीचा काठ चिखलानं भरलेला. पाहुण्यांना कधीच बंद करता न येणारी माझी खिडकी तिनं किंचित उचलून एका हातानं लावली. उशीला अभ्रा घातला, पलंगाच्या कडेला टेकली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

हॉटेलातली कामं बघणारी मंजुषा दारात आली. ती आता ओरडेल असं मला वाटलं. तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि पाचवी खोली स्वतः झाडायला घेतली.

थोड्या वेळानं लातूरचे पाहुणे सामान घेऊन आले. हंगामाच्या गर्दीत मदत म्हणून त्यांना खोली दाखवायला पारूबाई सोबत होत्या. दार बंद का, म्हणून पारूबाईंनी विचारलं.

“आत मल्लम्मा झोपलीय,” मंजुषा म्हणाली. “पहाटे चारला घर सोडती ती. उठवू का?”

पारूबाईंनी दार किलकिलं करून आत पाहिलं. मग ते पुन्हा लावून घेतलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “ह्यांना वट्यावर बसव. मी चहा टाकते.”

संध्याकाळी आदर्श आईला समजावत होता. करार झालाय, हंगाम आहे, एकीला खोली परत दिली तर सगळेच मागतील.

“मागू दे,” पारूबाई म्हणाल्या. “जागा माझ्या नावावर हाय. मोरीजवळची सहावी मल्लम्माची. करार तू निस्तर.”

दसऱ्याआधी मल्लम्मा सहावीत राहायला आली. दिवाळीनंतर ऋतुजाही आपल्या शाळेत परतली. पंचाक्षरी अजून हैदराबादलाच आहे. बाकीचे कामगार अजून पहाटेच घर सोडतात. आणि मी हंगाम सरला की नऊ महिने कुलपात असते. भिंतीला ओल आलीय, चौकटीला वाळवी लागलीय. कुणी नांदत नसलं की खोली अशीच खचत जाते.

मित्रांनो, कधी धबधबा पाहायला आलात तर माझ्या रंगाचं कौतुक करू नका. तुमची चादर घालणाऱ्या बाईला एवढंच विचारा, मावशी, तुम्ही राहता कुठं? आणि तिचं सांगून होईपर्यंत दारात थांबा.