ब्रेक लागत नव्हता

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी कीबोर्ड आहे. माझ्या बाणांच्या बटणांवरची चिन्हं पुसून गेली आहेत. ती ज्यांच्या बोटांनी पुसली, त्या कडूबांची हकिकत मला सांगायची आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला खामगावच्या दुकानातून धम्मशीलाने घरी आणलं. सोबत नखाएवढा रिसीव्हर होता. तो संगणकात खोचला, की दाबलेलं प्रत्येक बटण मी त्याला हवेतून कळवायचो.

धम्मशीलाचे वडील कडूबा. जळगाव जामोद रस्त्यावर त्यांनी उभा जन्म एसटी चालवली. निवृत्तीनंतर पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रबरी चेंडू दाबायचा त्यांना भारी कंटाळा. मग लेकीने संगणकावर बस चालवायचा गेम टाकून दिला. बाणांनी बस वळवायची, खालच्या लांब पट्टीने, म्हणजे स्पेसबारने, ब्रेक मारायचा. हळूहळू बोटं सैल झाली. कडूबा मला रोज फडक्याने पुसत, स्टेअरिंग पुसावं तसं. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढे धम्मशीलाने फोटो ठेवायला एक डिस्क घेतली आणि संगणकाच्या मागे, माझ्या रिसीव्हरला खेटून जोडली. तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. त्या डिस्कमधून निघणाऱ्या लहरींच्या गोंगाटात माझं म्हणणं अर्धंच पोचू लागलं. कडूबा ब्रेक दाबत, मी निरोप पाठवत असे आणि बस सरळ दरीत जात असे. त्यांनी सेल बदलले. रिसीव्हर काढून पुन्हा खोचला. मला उलटं करून झटकलं, चिडून दोन थापाही मारल्या. थापांचं मला काही वाटलं नाही. मला राग येत होता तो माझ्या मुकेपणाचा.

शेवटी धम्मशीला मला दुकानात घेऊन गेली. दुकानदार नजीरभाईंनी रिसीव्हर समोरच्या लॅपटॉपला लावला. तिथे माझं एकही बटण चुकलं नाही. कीबोर्ड एकदम बढिया आहे, असं सांगून त्यांनी मला परत दिलं.

घरी हे ऐकून कडूबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे माहा हातच गेला पुन्हा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी गेम सोडला, व्यायाम सोडला. जेवणही डाव्या हाताने करू लागले. मी टेबलावर धूळ खात पडून होतो. हात शाबूत आहे, एवढं एकच वाक्य मला सांगायचं होतं. पण बटणं माझी असली, तरी ती दाबणार दुसरंच कोणी.

धम्मशीलाला मात्र चैन पडेना. एका दुपारी ती स्वतःच बस चालवायला बसली. पहिल्याच वळणावर बस दरीत गेली. दुसऱ्यांदाही तेच. मग ती विचार करू लागली. दुकानात रिसीव्हर समोर होता. इथे तो टेबलाखाली, संगणकाच्या लोखंडी डब्यामागे, डिस्कला चिकटून. तिने डिस्क काढली आणि एका वायरने रिसीव्हर वर आणून माझ्याजवळ ठेवला. बस वळणावर जागच्या जागी थांबली.

तिने वडिलांना हाक मारली.

"बाबा, तुमच्या हाताले काही झालं नाही. माह्याकडूनही दरीतच जात होती."

कडूबा भीतभीत बसले. उजव्या हाताचा अंगठा लांब पट्टीवर आला आणि दबला. बस थांबली. नुसती बस चालवायची आणि थांबवायची, असं संध्याकाळपर्यंत चाललं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू बिघडल्या, तर शांतपणे कारण शोधा. सेल बघा, जोडणी बघा, शेजारी काय ठेवलंय ते बघा. आणि कारण सापडत नाही म्हणून आपल्याच हाताला नावं ठेवू नका. वस्तू बदलून मिळते. मोडलेली उमेद कुठल्या दुकानातून आणणार?