अंगठा कपाळाकडे

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाराला आतून कडी, कारण मस्तकबाबा म्हणत, वाऱ्याने मेंदू बुजतो. बाबांनी शिंप्याच्या डाव्या कानाशी ओल्या मातीचा डबा धरला, झाकण दाबलं, डोळे फिरवले, झाकण काढलं. मातीत मेंदूच्या घड्या उमटलेल्या. सगळे थक्क.

"ही खोल चीर बघा. पूर्वजांचा कोप."

पुढच्या रांगेत सून बसली होती. एका बाजूला सासूबाई, दुसरीकडे नणंद, मांडीवर सहा वर्षांची लेक. हीच चीर बाबांनी लेकीच्या डोक्यातही काढली होती आणि फिटच्या गोळ्या बंद करवल्या होत्या. गोळ्या सासूबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. आज तिसरा दिवस. सकाळी दात घासताना लेकीचा हात दोनदा झटकला होता. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, आईला दुखवू नकोस.

लग्नाआधी ती एका कारखान्यात शाळांसाठी मेंदूचे नमुने रंगवायची. मेंदू बाजूने पाहिला की मुठीसारखा दिसतो; खाली अंगठा, वर बोटं, मधे ती चीर. अंगठ्याचं टोक कायम कपाळाकडे. तिथली म्हातारी कारागीर बजावायची, अंगठा चुकवलास तर माणूस उलटा चालेल गं.

बाबांनी लेकीला पुढे बोलावलं.

"आज उजव्या कानाशी धरा," सून म्हणाली. नणंदेने चिमटा काढला. शिंपी म्हणाला, धरा की, बाबांना काय डावं-उजवं.

बाबांनी धरला, झाकण काढलं. मातीतला अंगठा मानेकडे.

तिने स्वतःची मूठ डोक्याशी धरून तेवढंच दाखवलं, अंगठा कपाळाकडे हवा. बाबांनी घाईघाईत डबा फिरवला, तर अंगठा टाळूवर जाऊन बसला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शिंप्याने झाकण हिसकावून उलटं केलं. आत रबरी ठसा चिकटवलेला, मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा.

"शाळा स्वस्तातला डावा अर्धाच घेतात," ती म्हणाली. "बाबांनीही तोच घेतला. चीर माझ्या मेंदूत आहे, तुमच्या आहे, बाबांच्याही आहे. ती नसती तर घाबरायचं. कवटीतून मातीवर काही उमटत नाही. आई, आजार तपासून कळतो. तुम्ही पोरीवर माया करता, म्हणून तर फसलात."

सासूबाई कमरेची किल्ली सोडवू लागल्या. गाठ सुटेना. शेवटी त्या तशाच उठल्या.

"कडी काढा," त्या दाराकडच्या माणसाला म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. पोरीच्या गोळ्या चुकल्यात, माझ्यामुळे."