दीड सेकंदात न मावणारी हाक

रविता राहांगडाले दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि गोंदियाजवळच्या गोरेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. गाव तिथून फार लांब नव्हतं, पण पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसल्यानं ती गावातल्या पोरींबरोबर सायकलनं जायची. बेरीज-गुणाकारात तिचा हात कोणी धरू शकत नसे. अक्षरं आली की मात्र तिचं डोकं बंद पडे. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच पानावर अक्षरंच अक्षरं होती.

तो विषय शिकवणाऱ्या रीना मेश्राम मॅडम फुलचूरहून स्कूटीनं यायच्या. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग कोरे कागद देऊन बसला, तेव्हा त्यांनी फिजिक्सचं पुस्तक मिटलं. "आधी गणिताचा पाया घालू. मापं, समीकरणं, वर्गमूळ. मग पुढं."

मापांच्या दिवशी त्यांनी घरचं काम दिलं. घरातली किंवा शेतातली कोणतीही वस्तू घरच्या मापानं मोजायची आणि तिचे मीटर करायचे. कोणी मोहाच्या झाडाचा घेर सांगितला, कोणी धानाच्या बांधीची लांबी. रवितानं विचारलं, "मॅडम, विहीर चालते का?"

"चालते. आत वाकू नको, घरी कोणाला तरी विचार."

संध्याकाळी तिनं बापाला विचारलं. हुकुमचंद धानाच्या रोवण्यावरून आला होता, पोटऱ्यांवरचा चिखल अजून वाळायचा होता. विहिरीचं नाव काढलं की तो उठून जायचा. या वेळी उठला नाही.

"कायले पाह्यजे तुले?"

"शाळेचं आहे, बाबू. उन्हाळ्यात पाणी किती खोल राह्यते?"

"चोवीस हात," तो म्हणाला आणि तांब्या घेऊन परसात गेला.

त्या विहिरीवर आता पत्रा ठोकलेला होता. रविता लहान असताना, मे महिन्यातल्या एका भर दुपारी, तिची आई सुखवंता बादली ओढत होती आणि पायाखालची फळी मोडली. घरी फक्त मोठी माय होती, म्हणजे हुकुमचंदच्या थोरल्या भावाची बायको, जसवंता. तिचा नवरा आधीच वारला होता. सुखवंता गेल्यावर रविताला तिनंच वाढवलं. आणि तिनंच दरवर्षी, श्राद्धाचं पान ठेवताना, तीच गोष्ट सांगितली. सुखवंता पडता पडता मोठ्यानं ओरडली होती, "बाई वो, माह्या रविताले सांभाळजो, तिले शाळेत धाडजो!" मग पाण्याचा आवाज झाला आणि सगळं संपलं. त्रास झाला नाही तिला.

रविता त्या वाक्यावर मोठी झाली. पण उन्हाळ्याच्या दुपारी गाव झोपलं, पानही हलेनासं झालं की ते वाक्य तिला ऐकू यायचं. लांबलचक, खालून वर येणारं. तिच्या मनात आई पडतच असायची. भिंतीचे दगड वर जात राहायचे, हाक चालू राहायची आणि पाणी काही यायचं नाही. कोणाला सांगितलं तर झाडफूक करणाऱ्याकडे नेतील म्हणून ती गप्प राहिली.

तिनं वहीत मांडलं. हात म्हणजे दीड फूट. चोवीस हात म्हणजे छत्तीस फूट. त्याचे जवळपास अकरा मीटर. बरोबर आलं. मॅडमनी शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर पडणाऱ्या वस्तूचं सूत्र लिहिलं. अंतर म्हणजे गुरुत्वाचा जी गुणिले वेळेचा वर्ग, त्याचं अर्धं. "आपल्याला वेळ पाहिजे," त्या म्हणाल्या. "मग वेळेला एकटं करा. तिला जे जे चिकटलंय ते एकेक करून सोडवा. अर्धं आहे, दुपटीनं जाईल. जी गुणलेला आहे, भागून जाईल. शेवटी वर्ग उरतो, त्याचं मूळ काढा. घाबरायचं नाही. गाठ उलटी सोडवायची असते."

रविताच्या डोक्यात पहिल्यांदा ती अक्षरं हलली. अंतराची दुप्पट, बावीस. भागिले जी, म्हणजे नऊ पूर्णांक आठ. मूळ काढलं.

दीड.

तिनं पुन्हा केलं. दीड सेकंद. इतकी वर्षं आई पडत होती, आणि ते सगळं फक्त दीड सेकंदाचं होतं. तिला रडू आलं. बाजूच्या गुंजनला वाटलं गणित चुकलं. त्या दिवशी ती सायकलवरून घरी आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं.

घरी कोणी नव्हतं. तिनं बापाचा जुना मोबाईल घेतला, त्यातलं सेकंद मोजायचं घड्याळ चालू केलं आणि ते वाक्य म्हटलं. सहज, खेळ म्हणून. बाई वो, माह्या रविताले सांभाळजो, तिले शाळेत धाडजो. तीन सेकंदांच्या वर गेलं. घाईनं म्हटलं. श्वास न घेता म्हटलं. तरी दीडमध्ये मावेना. दीड सेकंदात ती जेमतेम "माह्या रवि" इथवरच पोचत होती.

ती दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मॅडमपाशी थांबली. "मॅडम, माझं गणित चुकलं असंल."

रीना मॅडमनी वही पाहिली. मापं पाहिली, पायऱ्या पाहिल्या, मूळ स्वतः काढून पाहिलं. "सगळं बरोबर आहे. चुकलं असं काऊन वाटते तुला?"

"त्यात वाक्य मावत नाही."

"कोणतं वाक्य?"

रवितानं सांगितलं. विहीर कोणाची, तेही सांगितलं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. खिडकीबाहेर पाऊस नव्हता, नुसती उकाड्याची दुपार होती.

"सांगणाऱ्यानं नंतर काही जोडलं असेल," त्या हळूच म्हणाल्या. "माणसं जोडतात. प्रेमानं जोडतात."

"नाहीतर ती पाण्यातून बोलली असंल," रविता म्हणाली.

मॅडमनी तिची सायकल कॉलेजातच ठेवायला लावली. त्यांनी तिला स्कूटीवर बसवून गावाच्या फाट्यापर्यंत सोडलं. परत जाताना मॅडमना वाटत राहिलं, ते सूत्र आपण आणखी चार दिवसांनी शिकवलं असतं तर. मग लक्षात आलं की त्यानं काहीच बदललं नसतं.

मोठी माय परछीत म्हणजे ओसरीत बसून भाजी निवडत होती. रवितानं दप्तर ठेवलं आणि तिच्यासमोर बसली.

"मोठी माय, पडता पडता एवढं बोलता येत नाही. मी गणित केलं."

"गणितात का मायची हाक राह्यते का वो?"

"नाही राहत. म्हणून तुले विचारून राहिली."

जसवंताचे हात थांबले. तिनं पत्रा ठोकलेल्या विहिरीकडे पाहिलं. मग बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"वर आली होती ते. पाय मोडला होता तिचा, पण तोंड वर होतं. मी गोठ्यातला दोर खांबाले बांधून सोडला. तिनं धरला. मी ओढला, पाय रोवून ओढला, पर माह्यानं एकटीनं ओढवलं नाही. आवाज देल्ले मी. सारे बाजारात गेले होते, कोणी नाही आलं. ते म्हणे, बाई, हात सुटून राहिला. मी म्हणलं, धरून राह्य. मंग तिनं तुह्यं सांगतलं. सांभाळजो, शाळेत धाडजो. अन् म्हणे, रविता घरात झोपली आहे, तिले इकडं येऊ देऊ नोको. मी मागं पाह्यलं, तर तू दारात उभी."

रवितानं घराच्या दाराकडे पाहिलं.

"मी दोर सोडून तुह्याकडं धावली. तुले घरात कोंडलं. परत आली तं दोर हलका होता."

"किती वेळ होती ते पाण्यात?"

"मले का मालूम, बाई. मी का घडी पाह्यली?" ती पदर तोंडाशी नेत म्हणाली. "तुले का सांगाव, आता तूच सांग. पडली अन् गेली, एवढंच बरं होतं. हुकुमलेबी तेच सांगतलं. त्याले नोको सांगजो."

रवितानं मान हलवली. तिला रडू आलं नाही. तिला दारात उभं राहिल्याचं आठवत होतं का, ते तिला स्वतःलाच कळेना. उंबऱ्याचा गार स्पर्श आठवत होता, पण तो कोणत्याही दुपारचा असू शकला असता.

चार-पाच दिवस ती कॉलेजला गेली नाही. मग गेली. रीना मॅडमनी काही विचारलं नाही, फक्त तिची वही इतरांपेक्षा जास्त वेळ हातात धरली. वर्ष सरता सरता अक्षरांची भीती गेली. समीकरण कसंही उलटंसुलटं दिलं तरी रविता हवं ते एकटं काढून दाखवायची. वर्गातल्या पोरी तिच्याकडे अडलेलं घेऊन येऊ लागल्या. पडणाऱ्या वस्तूंची गणितं मात्र ती सोडवून झाली की वहीचं पान उलटून टाकायची.

मे महिना आला. हुकुमचंद गोंदियाला गेला होता. दुपारी दोघी परछीत चिंचा फोडत बसल्या होत्या. गाव झोपलं होतं. रविताचा हात मध्येच थांबला, आणि तिनं वर पाहिलं तेव्हा मोठी मायचाही हात थांबलेला होता.

"आयकू आलं तुले?" जसवंतानं विचारलं.

"हो."

"मले रोजच येते."

मग मोठी मायनं चिंचोके एका बाजूला सारले, सूप रविताकडे सरकवलं, आणि त्या पुन्हा फोडायला लागल्या.