वाऱ्यानं खाल्लेला ‘नको’

मी दोरी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा, बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळं घालून पडलेय ती मीच. शिकलेले लोक मला लीश म्हणतात. म्हणोत बापडे. काम दोरीचंच आहे.

जन्माला आले तेव्हा मी सरळ होते, खोटं नाही सांगत. मग कारखान्यात मला तापवलं, एका दांड्याभोवती घट्ट गुंडाळलं आणि गार होईपर्यंत तशीच ठेवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ मला असा मुद्दाम घातला. एका टोकाला चिकटपट्टी, ती माणसाच्या घोट्याला. दुसरं टोक बोर्डाला. माणूस पडला की बोर्डाला पळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही धरून बघा एकदा.

हा खेळ विंग फॉइलिंगचा. हातात हवा भरलेला मोठा पंख, पायाखाली बोर्ड आणि बोर्डाखाली, पाण्यात, एक दांडा आणि त्याला धारदार पातं. पंखात वारा भरला की बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो आणि माणूस हवेत तरंगत पळतो. म्हणजे पळायला हवा. आमचे बेकरीवाले मालक पहिले कित्येक दिवस नुसते पडत होते.

मालकांची भट्टी पहाटेची. दुपारी पाव विकून झाला की ते मोकळे, आणि वारा नेमका दुपारीच सुटायचा. दुकानात त्यांनी पंखाचा रंग तासभर निवडला, बोर्ड तर कुशीत घेऊन बघितला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी पिशवीत आपोआप आले, भाजीबरोबर कढीपत्ता येतो तशी. घरी मात्र मालकीणबाईंनी सगळी पिशवी उपसली आणि आधी मलाच ओढून पाहिलं. हे बांधल्याशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी तिथंच बजावलं. बाई शहाणी. त्या दिवसापासून मी त्यांचीच.

मालक पडायचे, बोर्ड वाऱ्यावर उधळायचा, मी ताणली जायचे आणि त्याला कान धरून परत आणायचे. रोजचं हेच. किनाऱ्यावर आले की मालक वाऱ्याचे आभार मानायचे, पंखाची तारीफ करायचे. माझं नाव निघायचं ते फक्त पायात अडकले की. तेव्हा मात्र शिव्यांची लाखोली.

आता साडूबद्दल सांगायला हवं. मालकीणबाईंच्या बहिणीचा नवरा, चष्म्याचं दुकान आहे त्याचं. दोघं एका वयाचे, अरेतुरेतले, खेळाला लागले तेही एकत्रच. पण साडूच्या नव्या दुकानासाठी मालकांनी चष्म्याच्या आकाराचा केक केला. रात्रभर जागून केला हो. सगळे वाहवा करत होते. साडूनं एक घास खाल्ला आणि म्हणाला, ‘बरा झालाय.’ संपलं. त्या ‘बरा’पासून बोलणं बंद. बायका एकमेकींशी फोनवर तासन्‌तास बोलायच्या आणि हे दोघं समुद्रावर शेजारी शेजारी पंख फुगवायचे, एक अक्षर न बोलता. पीळ माझ्यात आहे म्हणतात लोक!

हा साडू माझ्या जातीचं कुणी वापरतच नसे. पट्टा कुत्र्याला असतो, माणसाला नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. आणि आमच्या मालकांना लाज वाटायला लागली. अबोला असलेल्या माणसासमोर भित्रं दिसायचं नसतं म्हणे. मला हळूच काढून ठेवायला लागले. गोड्या पाण्यानं धुणं बंद झालं. चिकटपट्टीत वाळू भरली. आणि मग पावाच्या गाडीचं दार नीट लागेना, तेव्हा मालकांनी त्याला बांधलं कुणाला? मला. समुद्राची लेक मी, आणि गावभर टोस्ट राखत हिंडतेय. दाराच्या पत्र्यानं माझ्या अंगावर एक चर पाडला, तो वेगळाच.

एक दिवस मालकीणबाईंना गाडीच्या दारावर मी दिसले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला सोडलं, दाताच्या ब्रशनं माझी वाळू काढली आणि नवऱ्याच्या पायाशी बसून स्वतःच्या हातानं बांधलं. मालक मुकाट्यानं समुद्रावर गेले. चर कुणालाच दिसला नाही. मीही काय सांगणार?

त्या दिवशी वारा किनाऱ्यावरून आत, खोल पाण्याकडे वाहत होता. असा वारा वाईट, परत येऊ देत नाही. साडू बराच आत पडला आणि त्याचा बोर्ड, पट्टा नसलेला, सुटला तो सुटलाच. वाऱ्यानं पळणाऱ्या बोर्डाला पोहून कुणी गाठत नाही. राहिला साडू आणि हातातला पंख, आणि वारा दोघांनाही आणखी आत नेत होता.

त्यानं हात हलवला. आमच्या मंडळींची एक खोड आहे, येता-जाता एकमेकांना हात करायची. पोस्टातल्या बाई आपल्या बोर्डावरून शेजारून गेल्या, त्यांनी हसून हात केला. आणखी एक जण गेला, त्यानंही केला. साडू बिचारा हात हलवतोय आणि सगळं गाव त्याला नमस्कार करतंय.

मग त्यानं आमच्याकडे हात केला. मालक दचकले. त्यांच्या मनात आलं, हा माणूस वर्षभर माझ्याकडे बघत नाही, हा मला हात कशाला करेल? बुडतोय हा! साऱ्या समुद्रात ते कळलं एकट्या मालकांना, आणि तेही भांडण होतं म्हणून.

मालकांनी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे एकमेकांवरून हलवले. मदतीची ती खूण पहिल्या दिवशी सगळे शिकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पोस्टातल्या बाईंना आठवली. त्या तडक किनाऱ्याकडे वळल्या, होडीवाल्याला उठवायला. आम्ही साडूकडे.

साडूच्या तोंडचं पाणी पळालं नव्हतं, उलट तोंडात भलतंच पाणी शिरलं होतं. मालकांनी पाण्यात उतरून बोर्ड त्याच्यापुढे केला, खालच्या पात्यापासून पाय लांब ठेवायला सांगितलं. साडूनं बोर्डाची कड धरली. इतक्यात लाट आली. मालक एकीकडे फेकले गेले, बोर्ड आणि साडू दुसरीकडे, आणि मधे मी. इतकी मी कधीच ताणली गेले नव्हते. चर उघडायला लागला. आतले धागे मला एकेक कळत होते. साडूची बोटं घसरताना मालकांना दिसली. ते जीव तोडून ओरडले.

“सोडू नको!”

आता आपल्या भाषेची गंमत बघा. नकार शेवटी. आणि वारा शेवटचंच आधी खातो. ‘नको’ गेलाच, ‘सोडू’तला ‘ऊ’ही गेला, आणि साडूच्या कानात पडलं ते नुसतं ‘सोड’. बिचाऱ्याला वाटलं, याच्या मनातून तो ‘बरा’ अजून गेला नाही, भर समुद्रातही आपला बोर्ड देत नाहीये. आणि मानी माणूस तो. चेहरा ताठ केला आणि खरंच सोडला हो बोर्ड!

साडू लाटेबरोबर खाली गेला आणि वर आला तो माझ्यावर. बुडताना माणूस हाताला जे लागेल ते धरतो. त्यानं मला धरलं. कुत्र्याचा पट्टा म्हणणाऱ्यानं दोन्ही मुठींनी धरलं. मालक आपल्या टोकाकडून मला हातानं ओढत आले. तुटले असते तर एक गेला असता, कदाचित दोघंही. मला फार भीती वाटत होती, उगाच शूरपणा का मिरवू? पण धागे राहिले.

दोघं बोर्डावर आडवे पडले, धापा टाकत. वर्षभरानं पहिलं वाक्य साडू बोलला.

“तूच म्हणालास ना, सोड?”

“सोडू नको म्हणालो!”

“नको कुठं म्हणालास?”

“शेवटी!”

होडी येईपर्यंत हे दोघं व्याकरणावर भांडत होते. होडीवाला म्हणतो, एवढं मोठ्यानं भांडत होते म्हणूनच लवकर सापडले.

तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर ‘नको’ला बंदी आहे. पाण्यात दोनच शब्द, ‘धर’ किंवा ‘सोड’. एक हात म्हणजे नमस्कार, दोन हात म्हणजे धावा. आणि हात करणाऱ्याजवळ जाऊन विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, मग तो नुसता हसत का असेना.

माझं काय? एकदा इतकी ताणलेली, चिरलेली दोरी पुन्हा पाण्यात न्यायची नसते. मालकांना वाटत होतं मला दुकानात भिंतीवर टांगावं. मालकीणबाई नाही म्हणाल्या. टांगली तर कुणीतरी घाईत काढून पायाला बांधेल, म्हणून तिचे दोन तुकडे करा, असं त्या म्हणाल्या. म्हटलं ना, बाई शहाणी. बोलताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

तुमच्या पायाशी माझी एखादी बहीण असेल तर दार-बीर बांधायला नेऊ नका तिला. धुवा, आणि निघण्याआधी एकदा बोटं फिरवून चर आहे का बघा. दिसायला आम्ही क्षुल्लक असतो, पण आमच्या दोन्ही टोकांना कुणीतरी असतं.

मालक पाव कापायची सुरी घेऊन आलेत. साडूही आलाय, स्वतःसाठी नवी दोरी घेऊन, पिशवीतून मुद्दाम बाहेर दिसेल अशी. मालकांनी माझं एक टोक त्याच्यापुढे केलंय.

“धर,” म्हणतायत.

त्यानं धरलंय. घट्ट धरलंय हो, आणि रडतोय की काय, चष्मा पुसतोय. जाते म्हणू नये. बरं, येते मी.