मुर्ताच्या कड्याखालचं गवत

“बूट घाल,” अंतिओको दारातूनच म्हणाला. “मुर्ताला जायचंय. आत्ता.”

ना ‘येऊ का’, ना ‘कशी आहेस बोनारिया’. नऊ महिने या माणसाने आमचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आला तो हा असा. लेक गेल्यापासून वाढवलेली दाढी गळ्याखाली उतरली होती आणि जूनच्या उन्हात अंगात काळा कोट होता. माझा धाकटा भाऊ बाकीझिओ कॉफीत कडक भाकरीचा तुकडा बुडवत बसला होता. त्याने कप खाली ठेवला आणि तो बूट शोधायला लागला.

“मीही येते,” मी म्हणाले.

“तासाभराची उतरण आहे. तुझे गुडघे...”

“माझे गुडघे माझ्याजवळ आहेत. तू तुझे सांभाळ.”

खरं सांगायचं तर मला त्या दोघांना एकटं सोडायचं नव्हतं. अंतिओको काय विचारणार हे मला ठाऊक होतं, पण माझा भाऊ काय उत्तर देणार हे ठाऊक नव्हतं.

ग्रेका ही अंतिओकोची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची. खाली समुद्रकाठी, मुर्ताच्या वाळूवर ती छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने द्यायची. गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी ती छत्र्या मिटत होती आणि मागच्या कड्याचा एक भाग सुटला. पर्यटक तासाभरापूर्वीच वर निघून गेले होते. तीच तेवढी दगडांखाली सापडली. खडक तपासायला कॉलेजात शिकवणारे लोक आले, पोलीस आले, किनारा बंद झाला, आणि आता या आठवड्यात पुन्हा उघडला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी याच मुलीला माझ्या भावाने हातांवर धरलं होतं. आमच्या सार्डिनियात ज्याचं मूल तुम्ही असं धरता तो तुमचा कुंपारे होतो. सख्ख्या भावाशी भांडता येतं, वाटणीवरून कोर्टात जाता येतं. कुंपारेशी नाही. हे दोघे लहानपणी एकत्र बकऱ्या राखायचे, त्यात हे नातं जुळलं. मग काय विचारता! मला आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं.

बाकीझिओ पालिकेचा ट्रॅक्टर चालवायचा. अठ्ठावीस वर्षं. जन्मात दुसरं काही केलं नाही त्याने, लग्नसुद्धा नाही. दर हिवाळ्यात समुद्र मुर्ताच्या वाळूवर गवत आणून टाकतो. तळाशी उगवणारं, रिबिनीसारखं, वाळलं की तपकिरी. मार्चपर्यंत कमरेइतके ढीग होतात. त्याला वास येतो, माश्या बसतात. लांबून विमानाने येणाऱ्या लोकांना फोटोतल्यासारखी पांढरी वाळू हवी असते, ते गवत बघून नाक मुरडतात. म्हणून मे महिन्यात बाकीझिओ पुढे फावडं लावलेला ट्रॅक्टर घेऊन ओढ्याच्या वाटेने खाली उतरायचा आणि सगळं गवत काढून न्यायचा.

सगळं म्हणजे, एक कोपरा सोडून. कड्याच्या पायथ्याचा ढीग तो कधी हलवायचा नाही. आमचे वडील गाढवांखाली अंथरायला गवत आणायचे तेव्हा तेही तेवढा ढीग सोडायचे. का सोडायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, याने कधी विचारलं नाही. बापाने केलं नाही ना, मग आपणही करायचं नाही. आमच्याकडे एवढं कारण पुरतं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात ग्रेका आमच्या स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते.

“काका, तो कड्याखालचा कोपराही साफ कर ना. दुपारची सावली तिथेच पडते. लोक सावलीसाठी भांडतात आणि मला तिथे काही लावता येत नाही.”

“सावलीत छत्री कशाला गं?” मी विचारलं.

“खुर्च्या गं आत्या, खुर्च्या!”

“तिथलं नाही काढत,” बाकीझिओ म्हणाला.

“का पण?”

“नाही काढत.”

“हे काय उत्तर झालं? आत्या, तुझा भाऊ म्हणजे ना, नुसता दगड आहे.”

“आत्ता कळलं होय तुला? मी साठ वर्षं बघतेय.”

ती हसली आणि मागून जाऊन त्याच्या गळ्यात पडली. “काढ ना रे काका. माझ्यासाठी. आणि बाबांना बोलू नकोस हं. ते म्हणतील, जुन्या लोकांनी सोडलंय ते सोडा.” महापौराला नाही म्हणणारा हा माणूस, एकदा तर फादरनाही नाही म्हणाला होता. पण त्या पोरीपुढे त्याचं काही चालायचं नाही. तरी तो हो म्हणेना. तेव्हा मी म्हणाले, “काढ रे. एवढी मागतेय पोरगी, तर काय बिघडणार आहे?”

हे माझे शब्द. मी विसरलेले नाही.

त्याने काढलं. त्या मे महिन्यात काढलं, पुढच्यात काढलं, त्याच्याही पुढच्यात. दर हिवाळ्यात समुद्र त्या उघड्या खडकाला धडकत राहिला. या वसंतात तपासणीचा अहवाल पेपरात आला. गवताच्या ढिगाने कड्याचा पाया राखला होता, तो काढल्यावर लाटांनी खडक आतून पोखरला, असं त्यात लिहिलं होतं. बारमध्ये कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. अंतिओको तिथे बसला होता. म्हणे, त्याने पेला तसाच ठेवला आणि निघून गेला. त्याला आता दोन महिने झाले होते.

ट्रॅक्टरची वाट पोलिसांनी अजून साखळी लावून बंद ठेवली होती, म्हणून पायवाटेनेच जावं लागलं. वाटेच्या तोंडाशी पालिकेने एक नवी टपरी टाकलीय. टी-शर्ट घातलेली एक मुलगी फोन हातात धरून उभी होती. बाहेरगावची असावी, आम्हाला ओळखत नव्हती.

“बुकिंग दाखवा. दिवसाला तीनशेच माणसं सोडतो आम्ही.”

“माझी मुलगी खाली मेलीय,” अंतिओको म्हणाला. “त्याचं बुकिंग कुठे मिळतं?”

ती पोरगी पांढरीफटक पडली. तिने नुसता हात हलवला, जा म्हणून. मला तिची दया आली. तिचं काय चुकलं होतं?

उतरताना अंतिओको पुढे, आम्ही दोघं मागे. वाटेवर ही गर्दी! लहान मुलं, फुगवलेल्या हवेच्या गाद्या, अंगाला फासलेल्या तेलाचा वास. मी बाकीझिओच्या कोपराला चिमटा काढला.

“विचारलं तर खरं सांग,” मी कुजबुजले. “तिनेच मागितलं होतं. मीही होते तिथे, मी साक्ष देते.”

“बघू.”

“बघू काय? तुझी पेन्शन जाईल, कोर्टात उभं करतील. आणि हा माणूस तुझं तोंड बघणार नाही जन्मभर.”

“ताई, पायाखाली बघ. खडे आहेत.”

अस्सा राग आला मला! पण खडे खरंच होते.

मुर्ताचं पाणी नेहमीसारखंच होतं. निळं, तळ दिसणारं, त्यात शंभर डोकी. वाळू मात्र पूर्वीच्या निम्मीही उरली नव्हती. लहानपणी आम्ही पाण्यापासून कड्यापर्यंत पळत शर्यती लावायचो. आता वीस पावलांत कडा येतो. त्याच्या अंगावर जिथून दगड सुटला तिथे ओल्या जखमेसारखा पिवळा पट्टा होता, खाली दगडांचा ढीग, पुढे दोरी आणि लाल पाटी. आणि माणसं कुठे बसली होती? दोरीला अगदी खेटून. सावलीसाठी. एका बाईने तर टॉवेल दोरीवरच वाळत घातला होता.

अंतिओको दोरीपाशी गेला. टोपी काढली. आम्ही त्याच्या मागे उभे राहिलो. कुणीतरी आमच्याकडे बघून फोन वर केला. तीन म्हातारे, काळे कपडे, मागे समुद्र. चांगला फोटो आला असेल.

मग अंतिओको वळला.

“तुझे वडील इथलं गवत काढायचे नाहीत.”

“नाही,” बाकीझिओ म्हणाला.

“तूही पंचवीस वर्षं काढलं नाहीस.”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं काढायला? महापौराने? त्याचं नाव घे फक्त. पुढचं मी बघतो.”

“महापौराने नाही.”

अंतिओकोचा आवाज एकदम खाली आला. मला पुढे सरकावं लागलं ऐकायला.

“तिने तर नाही ना सांगितलं, कुंपारे? ग्रेकाने? तिला आई नव्हती. माझ्याकडे काही मागायला भ्यायची, तुझ्याकडे यायची. दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. जेवायला बसलो तरी तेच. तिनेच मागितलं असेल तर... म्हणजे तिने स्वतःच्याच हाताने... खरं सांग मला. मी ऐकेन. पण खरं सांग.”

ऐकेन म्हणत होता, पण त्याच्या डोळ्यांत नुसती भीती होती. मी तोंड उघडलं. ‘हो’ हा एक शब्द, तो माझ्या जिभेवर आला होता. बाकीझिओने माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही, डोळे वटारले नाहीत, नुसतं पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

“ती काही बोलली नाही,” बाकीझिओ म्हणाला. “तिला माहीतसुद्धा नव्हतं. त्या ढिगाला वळसा घालून ट्रॅक्टर फिरवावा लागायचा. दर खेपेला मागे घ्या, पुढे घ्या. कंटाळा आला होता मला. म्हटलं, टाकू काढून.”

“कंटाळा आला?”

“हो.”

“कंटाळा आला म्हणून?”

“हो, अंतिओको. दुसरं काही नाही.”

अंतिओकोने डोळे मिटले. देवाशपथ सांगते, त्या घडीला त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. पोरगी सुटली होती. तिच्यावर काही उरलं नव्हतं. ते तेवढं एक श्वास घेईपर्यंत टिकलं. मग त्याने डोळे उघडले, आणि त्यात माझ्या भावाला जागा नव्हती.

“तुझ्या हातांत दिली होती मी तिला,” तो म्हणाला. “फादरसमोर.”

बाकीझिओने आपल्या हातांकडे पाहिलं.

“मी चर्चमध्ये असेन तर तू आत यायचं नाहीस. रस्त्यात दिसलो तर तू बाजू बदलायचीस. आणि मी मेलो तर खांदा द्यायला यायचं नाहीस. कळलं?”

“कळलं.”

आजूबाजूला लोक पोहत होते, कुणी कलिंगड कापत होतं. एक लहान मूल आमच्या पायांजवळ बादलीत वाळू भरत होतं. अंतिओकोने टोपी घातली आणि वाटेला लागला.

तो पहिल्या वळणापलीकडे जाईपर्यंत बाकीझिओ हलला नाही. मी त्याचा दंड धरला.

“का खोटं बोललास? अरे, का?”

“माझ्यावर चिडून तो जगेल, ताई. तिच्यावर चिडून कसा जगणार?”

“आणि तू?”

तो वाकला, बुटाची नाडी बांधली. ती सुटली नव्हती. “चल,” म्हणाला, “तो एकटा चढतोय. त्याच्या छातीचा भरवसा नाही.”

मला रडायला आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तीस वर्षांपूर्वी मी त्याच्या एक थोबाडीत दिली असती. आता हात उचलायचीही ताकद राहिली नव्हती. शिवाय ‘काढ रे’ कोण म्हणालं होतं?

अर्ध्या वाटेवर, जिथे लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या आहेत, तिथे अंतिओकोचा पाय घसरला आणि तो गुडघ्यांवर बसला. माझा त्रेसष्ट वर्षांचा भाऊ बकरीसारखा वर धावला आणि त्याने हात पुढे केला.

“हात लावू नकोस.”

बाकीझिओने हात मागे घेतला. वरून एक परदेशी जोडपं उतरत होतं. त्यातल्या बाईने अंतिओकोला काखेत धरून उठवलं, त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. तिने बाकीझिओला हसून खूण केली, दुसऱ्या बाजूने धर म्हणून. त्याने मानेनेच नाही म्हटलं. तिला वाटलं असेल, काय माणूस आहे हा! ती काहीतरी पुटपुटली आणि तिने एकटीनेच त्याला त्या पायऱ्या चढवल्या.

पुढे अंतिओको एकटाच चालत राहिला. तो धाप लागून थांबला की बाकीझिओ खाली थांबायचा, निघाला की निघायचा. वीसएक पावलांचं अंतर. त्याने ते कमी होऊ दिलं नाही आणि वाढूही दिलं नाही. मी त्या दोघांच्या मधे, गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत होते.

वरून माणसं उतरतच होती. वाटेत भेटलेल्याला नमस्कार करायची इथली पद्धत ती शिकून आलेली असतात. ती अंतिओकोला नमस्कार करत, मग थोडं खाली येऊन मला, मग आणखी खाली जाऊन बाकीझिओला, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तिघांना करावा तसा. अंतिओको कुणालाच उत्तर देत नव्हता. मी नुसती मान हलवत होते. मागून बाकीझिओचा आवाज तेवढा येत होता. तो प्रत्येकाला नीट, एकेकाला थांबून उत्तर देत होता.