दिपिकाचं दुसरं माहेर

आमची सून दिपिका मुरबाडच्या कॉलेजात मास्तरीण. टोकावड्याच्या बाजारात मी हे मुद्दाम मोठ्यानं सांगते. जळणाऱ्यांनी जळावं.

दोन हजार चारला ती लागली, पण कच्ची. तिथली रीत अशी, की नव्या मास्तरणीला वर्षभर एक जुना मास्तर जोडून देतात. मेंटर म्हणतात त्याला. तो मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं ऐकतो, चुकलं तर सांगतो. वर्षाअखेर त्यानं चांगला शेरा दिला तरच नोकरी पक्की.

आणि मेंटर दिला कोण, तर पंढरी. माझा धाकटा चुलत दीर, म्हणजे दिपिकाचा सासराच की! आमच्या घरात सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाय. ही शिस्त माझीच. पोरीनं ती वर्गातही पाळली. पंढरी मागं बसला की ही डोक्यावर पदर घेऊन फळ्याशीच पुटपुटायची. पोरं ओरडायची, "मॅडम, ऐकू येत नाय!"

शिमग्याच्या तोंडावर पंढरी घरी आला. "वहिनी, शेरा काय लिहू? तिचा आवाजच नाय ऐकला मी."

"मग कॉलेजाला सांग, दुसरा मेंटर द्या तिला."

"तिच्या विषयाचा जुना मास्तर मी एकटाच. तुमची शिस्त मोडा, वहिनी."

"माझी शिस्त मोडायला तू कोण रे मेल्या?"

तेवढ्यात आतून दिपिकाचा हुंदका ऐकू आला. सासूचे टोमणे हसत झेलणारी पोर नोकरीसाठी रडत होती. मला काय ते बघवलं नाय.

मी पंढरीच्या बायकोला, हौसाला, बोलावणं धाडलं. हातात खण-नारळ दिला. "भर हिची ओटी. आजपासून ही तुमची लेक. बापापुढं लेक बोलते ना?"

हौसाला पोटची लेक नाय. तिनं रडत रडत ओटी भरली.

दुसऱ्या दिवशी दिपिकानं असं शिकवलं, की शेजारच्या वर्गातल्या मास्तरानं दार लावून घेतलं. वर पंढरीला म्हणाली, "बाबा, डुलक्या नका घेऊ!" पोरं बाकं बडवून हसली.

नोकरी पक्की झाली. पंढरी पेढे घेऊन आला, पण ओट्यावरच थांबला.

"पाय मोडले का रे? ये आत."

"विहीणबाई, लेकीच्या सासरी बाप असा घुसतो होय? पाय धुवायला पाणी कुठंय? पाट कुठंय?"

शिवी अगदी ओठावर आलेली. पण व्याह्याला शिवी देत नायत, ही शिस्तही माझीच. दाराआड दिपिका पदर तोंडात कोंबून हसत होती.

मी तांब्या उचलला.

"या, व्याही," म्हटलं, "पाय पुढं करा."